मैत्री आधी, सेवा मागून

१० जानेवारी १९२४ रोजी मँचेस्टर येथे मार्गारेट गोल्डिंग या परिचारिकेच्या पुढाकाराने रोटरी सभासदांच्या पत्नींची पहिली रीतसर सभा भरली व तीतून ‘इनर व्हील’ ही संस्था उदयास आली. खरी मैत्री, वैयक्तिक सेवा आणि आंतरराष्ट्रीय सामंजस्य ही तिची तीन उद्दिष्टे होत. त्यांत मैत्रीला अग्रस्थान आहे, हा क्रम मननीय आहे.

केजसारख्या तालुक्यात या क्रमाची कसोटी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. बाईच्या श्रमाची निराळी मोजदाद नाही. खाडा झाला तर दंड, म्हणून दुखणे अंगावर काढावे लागते. बीड जिल्ह्यातील अशा अनेक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ साली उजेडात आले.

अशा भगिनींसाठी एका दिवसाचे शिबिर भरविणे सोपे आहे. परंतु लाजेने झाकलेले दुखणे परक्या दात्यापाशी कोण उघड करील? ते मैत्रिणीपाशीच बोलले जाते. यास्तव टोळी निघण्यापूर्वी आणि परतल्यावरही जी स्त्री तिची विचारपूस करील, तिचीच सेवा तिच्यापर्यंत पोचेल.