मंगळाच्या वाटेवरचं इंधन

(विज्ञान दिनानिमित्त प्रभागसंघाच्या बैठकीत केलेलं भाषण)

ताईंनो, मंगळयानाचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. ५ नोव्हेंबर २०१३ ला ते श्रीहरिकोट्याहून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागलं. त्याला जमिनीवरून उचललं पीएसएलव्ही रॉकेटनं. या रॉकेटमधल्या घन इंधनाचा पाया आपल्या देशात घालणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर होते. शिक्षणानं रसायन अभियंते. इंग्लंडमधलं काम सोडून १९६७ मध्ये ते केरळातल्या थुंब्याला आले. तिथं सुरुवातीला चर्चच्या इमारतीत ऑफिस होतं आणि रॉकेटचे भाग सायकलवरून न्यायचे!

हे इंधन म्हणजे रबरासारखा पदार्थ, ॲल्युमिनियमची भुकटी आणि ऑक्सिजन पुरवणारा एक क्षार. वर हवा नसते, म्हणून ऑक्सिजनही सोबतच न्यायचा. सगळं एकजीव करून नळकांड्यात ओततात, मग ते घट्ट होतं. आपल्या वड्यांसारखंच म्हणा ना. पण वडीत पोकळी राहिली तर वडी मोडते, इथं भेग राहिली तर रॉकेट फुटू शकतं. शेगडीसारखं बटण फिरवून हे बंदही करता येत नाही, पेटलं की संपेपर्यंत जळणार. म्हणून आधीच एक्स-रे काढून आतून तपासतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असं जवळपास १३९ टन इंधन असतं.

गोवारीकरांचं दुसरं काम तर आपल्या शेताशी जोडलेलं. १९८८ पासून हवामान खातं पावसाचा अंदाज १६ घटकांच्या गणितावरून द्यायचं, ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. अर्थात तो अंदाज अख्ख्या देशाचा. मुळशीत राब भाजून रोप कधी टाकायचं, ते त्यातून कळायचं नाही. २००२ च्या दुष्काळात तो चुकला आणि खात्यानं गणित बदललं.

आता आपल्या गटाचं. म्हशीला, शिलाई मशीनला कर्ज एका बैठकीत मंजूर होतं. (मशीनला माझा विरोध नाही हं.) मुलीच्या सायन्सच्या फीला मात्र तीन-तीन बैठका, आणि वर "शेवटी लग्नच करायचंय." इस्रोत सगळेच डॉक्टरेटवाले नसतात. आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी झालेल्यांनाही तिथं काम मिळतं.

दहावीनंतरचे प्रवेश जूनच्या आसपास सुरू होतात. मे महिन्याच्या बैठकीला दहावीच्या मुलींना सोबत आणा. काय शिकायचंय आणि फी किती, ते त्यांच्याच तोंडून ऐकू. कर्जाचे अर्ज मी घेऊन येते.