शाळा सुटलेल्यांसाठी एक दार
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेला काय भेट द्यायची, हे आपलं अजून ठरलेलं नाही. बहुतेकांच्या मनात प्रवेशद्वाराची कमान आहे. ठरवण्याआधी एका मुलाची गोष्ट ऐका.

आफ्रिकेत मलावी नावाचा लहानसा देश आहे. विल्यम कामक्वाम्बा हा तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. २००१-०२ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. फी भरता आली नाही म्हणून विल्यमचं हायस्कूल सुटलं. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

गावच्या प्राथमिक शाळेत मात्र एक छोटं वाचनालय होतं, आणि तिथे त्याला कुणी अडवलं नाही. इंग्रजी कच्चं, म्हणून तो आकृत्या बघून मजकुराचा अर्थ लावायचा. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याला पवनचक्क्या दिसल्या.

मग त्यानं भंगार धुंडाळलं. ट्रॅक्टरचा पंखा, शॉक अॅब्झॉर्बर, वडिलांची मोडकी सायकल. प्लॅस्टिकचे पाइप तापवून, चपटे करून त्यानं पाती केली. डायनॅमोचे पैसे मित्रानं दिले. डायनॅमो तोच, जो आपल्या सायकलींच्या चाकाला घासत असे. निलगिरीच्या खांबांचा मनोरा उभा राहिला, तेव्हा लोक त्याला वेडा म्हणत होते. वारा आला, पाती फिरली आणि दिवा लागला. पुढे घरात चार दिवे आणि दोन रेडिओ चालले. २०१४ मध्ये तो अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाला.

अशा गोष्टींना आपण टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, हुशार मुलाला काही लागत नाही. मला तसं वाटत नाही. विल्यमला एक पुस्तक लागलं, एक मित्र लागला, आणि शाळा सुटल्यावरही उघडं असलेलं एक दार लागलं.

आता आपल्या वर्गाचं. शाळेचा बंद पडलेला ध्वनिक्षेपक पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी ज्यानं दुरुस्त केला, तो मुलगा आठवतो ना? आठवीनंतर त्याची शाळा सुटली. त्यानंतर प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर उभा असलेला मी त्याला दोनदा पाहिला. आत ये, असं म्हणालो नाही. या मेळाव्याची यादी मीच केली, दहावीच्या निकालपत्रकावरून. त्यात त्याचं नाव कुठून असणार? निमंत्रणं गेल्यावर हे माझ्या लक्षात आलं.

म्हणून माझी सूचना अशी. कमानीचे पैसे जुन्या वर्गखोलीला लावू. विज्ञानाची मराठी पुस्तकं, एक भक्कम टेबल, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि उघडून बघायला बिघडलेली यंत्रं. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी ही खोली उघडी ठेवू. येणाऱ्याला हजेरी नाही, फी नाही, आणि तू कितवीत, हा प्रश्नही नाही.

यातून प्रत्येक जण पवनचक्की बांधेल, असं मी म्हणत नाही. एखाद्याला घरची मोटर दुरुस्त करता आली, तरी पैसे वसूल झाले.

रविवारी मी येईन. बाकीच्या दोन दिवसांसाठी चहाच्या वेळी वहीत नावं लिहा. आणि पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करू.