नव्या नगरीतली सुटी

सुटी लागली की घरोघर पहिला प्रश्न निघतो तो ‘कुठे जायचे?’ हा. आणि या ‘कुठे’ मध्ये ‘दूर’ हा अर्थ आपण गृहीतच धरलेला असतो. नोकरीव्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे तर विचारूच नका. सुटीचा पहिला दिवस आणि प्रवासाचा दिवस त्यांच्याकडे बहुधा एकच असतो. आजोळची ओढ कोणी सोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या गावात मूल बारा महिने वाढते, ते गाव त्याला केवळ शाळेचा रस्ता म्हणून ठाऊक असावे, हे काही बरे नव्हे. म्हणून नाताळच्या सुटीतले चार दिवस नव्या रायपुरातच, घरून निघून घरी परतण्याच्या बेताने काढावेत, असे मला सुचवायचे आहे.

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि त्याच्या राजधानीसाठी जुन्या रायपुराच्या आग्नेयेस हे नगर वसविण्यात आले. रस्ते रुंद, इमारती नव्या. त्यामुळे येथे पाहण्यासारखे जुने काही नसेल, असे पाहुण्याला वाटते. पण नगर नवे असले तरी जमीन जुनीच आहे. उपरवारा, खंडवा, राखी, झांझ ही या भूमीवरील खेड्यांची नावे. मुलांना ती आधी पाठ करायला लावावीत. कारण आपले घर कोणाच्या शिवारात उभे आहे, हे कळणे हाच भूगोलाचा पहिला धडा होय.

पहिला दिवस उपरवाऱ्याच्या ‘पुरखौती मुक्तांगणा’ला द्यावा. पुरखौती म्हणजे पूर्वजांकडून आलेले संचित. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००६ साली याचे उद्‌घाटन झाले. बस्तरच्या शिल्पकलेचे नमुने, लोकनृत्यांचे पुतळे, आदिवासी घरांच्या प्रतिकृती हे सारे येथे मोकळ्या आभाळाखाली मांडलेले आहे. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सेंध तलावाचा काठ गाठावा. पाणकावळे, बगळे, डुबकी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली यांना पाहायला तिकीट लागत नाही. लागतो तो थोडा धीर.

तिसरा दिवस जिभेचा. जुन्या रायपुरात महंत घासीदास संग्रहालय आहे. त्याची स्थापना १८७५ सालची. त्याच्याच आवारात ‘गढ कलेवा’ हे छत्तीसगडी खाद्यपदार्थांचे ठिकाण आहे. आधी मूर्ती आणि शिलालेख पाहावेत, मग पानावर बसावे. मराठी मुलाला येथे फारसे परके वाटणार नाही. तांदळाच्या पिठाचा चीला पुढे आला की त्याला घावन आठवेल. अइरसा पाहून दिवाळीचा अनारसा आठवेल. मुठिया आणि आपले मुटके यांचे नाते तर नावावरूनच कळावे. बेसनाची खमंग ठेठरी आणि गुळाची खुरमी यांची मात्र नव्याने ओळख करून घ्यावी. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत. तेव्हापासूनचा हा शेजार आहे. कोणी कोणाकडून काय उचलले, याचा निवाडा पंगतीत करू नये.

एक पदार्थ मात्र अवश्य चाखावा. तो म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची यांच्या जोडीने खायचा. आपल्याकडे ‘शिळे’ या शब्दाने नाक मुरडले जाते. येथे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी याच न्याहारीवर शेतात उतरला आहे. ज्या प्रदेशाला भाताचे कोठार म्हणतात, तेथे भाताचा एक कणही वाया न जाऊ देण्याची ही रीत आहे. पौष पौर्णिमेला, छेरछेऱ्याच्या दिवशी, मुले दारोदार फिरून नवे धान मागतात, आणि देणारा हात आखडत नाही. तोही दिवस साधला तर उत्तमच.

आता वन्य प्राण्यांकडे वळू. खंडव्याजवळ सुमारे ३२० हेक्टरांवर ‘जंगल सफारी’ आहे. ती २०१६ साली सुरू झाली. बंद गाडीतून वाघ, सिंह, अस्वले आणि हरणे पाहता येतात. मुले हरखून जातात आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु हा वाघ पिंजऱ्याबाहेर असला तरी कुंपणाच्या आत आहे, हे त्यांना सांगितलेच पाहिजे.

म्हणून चौथा दिवस बारनवापाऱ्यासाठी राखून ठेवावा. बार आणि नवापारा या दोन खेड्यांवरून नाव पडलेले हे अभयारण्य १९७६ साली स्थापन झाले. त्याचा विस्तार २४५ चौरस किलोमीटर आहे. पावसाळ्यात ते बंद असते. मोटारीने जाताना वाटेत सिरपूरला उतरून सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मण मंदिर पाहावे. राणी वासटेने पतीच्या स्मरणार्थ ते उभारले. पुढे रानात गवे, सांबर, चितळ दिसतील. बिबट्या बहुधा दिसणार नाही. न दिसणे हा त्याचा हक्क आहे.

याच रानात मार्च २०२४ मध्ये एक वाघ आपल्या पायांनी चालत आला. कोणी त्याला आणले नव्हते. सुमारे आठ महिने तो या परिसरात राहिला. नोव्हेंबरात तो कसडोल गावात शिरला. तेव्हा त्याला बेशुद्ध करून पकडले आणि उत्तरेकडील गुरू घासीदास–तमोर पिंगला व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडले. गावकऱ्यांची भीती खरी होती आणि वाघाची वाटही खरी होती. कुंपणातल्या वाघाला जागा देणे आपल्याला जमते. चालत आलेल्याला जागा कशी द्यावी, हे कोडे अजून सुटलेले नाही. ते सोडवण्याचे काम आज मागच्या आसनावर बसून खुरमी खाणाऱ्या मुलांवरच येणार आहे. त्यांना ते कोडे ठाऊक तरी असावे.

या चार दिवसांना खर्च थोडा येतो. परंतु पुढे कोणी ‘बाळ, तुझे गाव कोणते?’ असे विचारले, तर आजोळच्या नावाबरोबर या गावाचेही नाव त्याच्या तोंडी यावे, एवढे या सुटीने साधले तरी पुष्कळ झाले.