गरजेची लाज



मराठीतल्या गरजेविषयीच्या म्हणी आठवून पाहा. गरजवंताला अक्कल नसते. गरज सरो, वैद्य मरो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. एकीतही गरजेला मान नाही. गरज असलेला माणूस एक तर खुळा, नाहीतर कृतघ्न, नाहीतर लाचार. लहानपणापासून हे ऐकत आलेला माणूस 'मला हे हवंय' असं म्हणायला चाळिशी गाठतो. कित्येकदा तेव्हाही म्हणत नाही.

नेरळ स्टेशनात पहाटेच्या मुंबई लोकलची वाट बघणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पोरांचे डबे, सासूबाईंचं औषध, हाफिसातली हजेरी, सगळं तिला तोंडपाठ असतं. तुमचं स्वतःचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: माझं काय, चाललंय.

याच नेरळमध्ये कविवर्य नारायण सुर्वे यांनी आयुष्याची अखेरची वर्षं काढली. लोक त्यांना मास्तर म्हणत. पण ही मास्तरकी त्यांच्याकडे सरळ चालत आलेली नव्हती. १९२६ च्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात, रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडलं. त्यांनी आणि काशीबाईंनी ते घरी नेलं, त्याला नाव दिलं, चौथीपर्यंत शिकवलं. गंगाराम निवृत्त होऊन गावी कोकणात परतले, तेव्हा नारायण मुंबईत एकटाच मागे राहिला. अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. मग हॉटेलात पोऱ्या, कुणाच्या घरी गडी, गिरणीत कामगार आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई.

इथे थोडं थांबायला हवं. शाळेत घंटा वाजवणाऱ्या, फायली पोचवणाऱ्या शिपायाला शिकावंसं वाटलं, ही त्याची गरज. ती अडचणीची होती. संसार उभा राहत होता, पगार तुटपुंजा होता. पोरांना शिकवू, आपलं वय गेलं, असं म्हणून गप्प बसला असता तर चार माणसांनी शहाणा म्हटलं असतं. सुर्वे परीक्षेला बसले. १९६१ मध्ये ते शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह आला. वय पस्तिशीपलीकडचं. १९६६ मधल्या दुसऱ्या संग्रहाचं नाव त्यांनी ठेवलं 'माझे विद्यापीठ'. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाने आपल्या रस्त्यांना, चाळींना, गिरण्यांना दिलेली ही पदवीच. पुढे १९९५ च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं, १९९८ मध्ये पद्मश्री आली.

स्वतःवरचा विश्वास म्हणजे एकट्याने छाती काढून चालणं, असा एक गैरसमज हल्ली फार पसरला आहे. सुर्व्यांचा विश्वास एकट्याचा नव्हताच. तो कामगार चळवळीत, मोर्च्यांत, सभांत, चहाच्या टपरीवर तयार झाला. आपल्यासारखंच इतरांनाही हवं आहे, हे दिसलं की मागायची लाज कमी होते. आपण एकटेच हावरट आहोत असं मग वाटत नाही.

त्यांचं एक गाणं तुम्ही आकाशवाणीवरही ऐकलं असेल, डोंगरातल्या शेतात राबणाऱ्या बाईचं. वर्षामागून वर्ष राबून मी मरायचं तरी किती, असं ती विचारते. कर्जत-खालापूरच्या वरकस उतारावर नाचणी-वरी बेणणाऱ्या बाईला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पाठ तिची असते. मला या गाण्यात आवडतं ते हे, की ती बाई थकवा लपवत नाही. आपण थकलो, ही गोष्ट तिला गाण्याजोगी वाटते.

आता मास्तरांच्या घरातच येऊ. त्यांच्या पत्नी, कृष्णाबाई सुर्वे. एका कवीला शिकायची, लिहायची, चळवळीत उतरायची मोकळीक मिळाली, तेव्हा चूल कुणीतरी पेटती ठेवली होती. एकाची गरज मानाची ठरली की दुसऱ्याची बहुधा मागच्या दाराने बाहेर जाते. भल्या माणसांच्या घरातही हे होतं. सुर्व्यांच्या थोरवीबद्दल बोलताना हा हिशेब टाळणं बरोबर नाही, आणि कृष्णाबाईंनी तो टाळू दिलेला नाही. त्यांनी आपलं आत्मकथन लोकांपुढे ठेवलं.

मास्तर १६ ऑगस्ट २०१० रोजी गेले. कृष्णाबाईंच्या पुस्तकाचं नाव आहे 'मास्तरांची सावली'. मुखपृष्ठावर त्या सावली आहेत. पान उलटलं की मात्र बोलतात त्या स्वतः, मी म्हणून.