उन्हाळ्यातील शेतकाम आणि उष्माघातापासून बचाव

(रेडिओवरील भाषण)



उन्हाळ्यात शेतकऱ्याला काम नसतं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. आपल्या वाशीम जिल्ह्यात काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. रिसोडकडे हळद शिजवणं आणि वाळवणं असतं. कुठे उन्हाळी भुईमुगाला, मुगाला पाणी द्यायचं असतं. बाकी सगळीकडे नांगरटी, वखरणी, पऱ्हाटी उपटणं, धसकटं वेचणं, शेणखत पसरणं ही कामं मिरगाच्या आत उरकायची असतात. म्हणजे सर्वांत कडक ऊन आणि सर्वांत अंगमेहनतीची कामं एकाच वेळी येतात. म्हणून आज बी-बियाण्याचं किंवा खताचं न बोलता, ही कामं करणाऱ्या माणसाच्या जिवाचं बोलू या.

प्रथम तापमानाविषयी. आज 43 अंश तापमान होतं असं आपण बातम्यांत ऐकतो. हा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. उघड्या काळ्या वावरात वरून ऊन आणि खालून तापलेली माती, असा दोन्हीकडून मार बसतो. सपाट प्रदेशात पारा 45 अंशांवर गेला की खातं उष्णतेची लाट मानतं, आणि 47 वर गेला की तीव्र लाट. वावरातल्या माणसाला त्रास मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

आता कामाच्या वेळा. आपल्याकडे सूर्य साधारण साडेबाराच्या आधी माथ्यावर येतो, आणि मेच्या 20 तारखेच्या सुमारास तर अगदी सरळ डोक्यावर. पण हवा त्यानंतरही तापत राहते आणि दुपारी तीन-चारला सर्वांत गरम असते. जेवण करून, तासभर पडून तीनला परत कामाला लागणारा माणूस म्हणूनच फसतो. काम सकाळी सहाला सुरू करा, साडेदहा-अकराला थांबवा आणि पाचनंतरच पुन्हा हात लावा. मजुरीचे तास तेवढेच भरतात. बायांना सहाला वावरात यायचं, तर चूल आणि पाणी त्याआधी उरकावं लागतं. तेव्हा घरातल्या गड्यांनी पाणी भरून द्यावं, ही विनंती.

अकरा वाजले की आपण बैल सोडतो, निंबाखाली बांधतो, पाणी दाखवतो. ट्रॅक्टर मात्र भर दुपारी चालतो आणि त्यावरचा माणूसही त्याच्याबरोबर तापतो. बैलाला जी सुट्टी देतो ती माणसालाही द्या.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. आठवडाभर काम सुटलं की ही सवय उतरू लागते. कामावर ऊन लागून दगावणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या काही दिवसांतच दगावतात. पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेला मुलगा, तापातून उठलेला गडी, नव्याने लागलेला सालदार यांना पहिल्या दिवशी उन्हातलं काम थोडंच द्या आणि रोज थोडं थोडं वाढवा. "जवान पोरगा आहे, त्याला काय होतं?" असं म्हणू नका.

पाण्याचं सांगतो. तहान लागेपर्यंत थांबू नका. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. एकदम तांब्याभर पिऊन दोन तास कोरडं राहण्यापेक्षा हे बरं. बरोबर भाकर-कांदा, ताक, पन्हं, आंबील असू द्या. घामावाटे गेलेलं मीठ त्यातून मिळतं. घाम फार गेला असेल तर जलसंजीवनी घ्या. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ यापेक्षा जास्त नको. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा.

पुष्कळ बाया वावरात आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. जिथे दहा बाया निंदायला, वेचायला येतात, तिथे मालकाने धुऱ्याला चार बल्ल्या रोवून जुन्या पोत्यांचा आडोसा करून द्यावा. याला खर्च नाही आणि एखादीचा जीव त्याने वाचेल.

कपडे सुती, फिक्या रंगाचे, सैल आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. दुपट्टा ओला करून डोक्याला, कानाला आणि मानेला गुंडाळा. बोडक्या डोक्याने जाऊ नका. हळदीच्या कढईजवळ किंवा कुकरजवळ काम करणाऱ्याला उन्हाबरोबर विस्तवाचीही आच लागते. तिथे सावली करा आणि माणसं आळीपाळीने बदला. दारू पिऊन उन्हात जाणं म्हणजे संकट ओढवून घेणं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या.

नवतपा संपला, ढग आले, पारा उतरला की आपण निर्धास्त होतो. तसं होऊ नका. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात झालेल्या पुरस्कार समारंभानंतर उष्माघाताने 14 माणसं गेली. तिथला पारा आपल्या मेमधल्या पाऱ्यापेक्षा कमी होता. पेरणीच्या तोंडावरचा उकाडा म्हणूनच मेइतकाच जपण्यासारखा आहे.

आता ऊन लागलं हे ओळखायचं कसं? सुरुवातीला डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, पायात गोळे येतात. अशा माणसाला लगेच सावलीत निजवा, कपडे सैल करा, घोट-घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखान्यात न्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका. काम करता करता ऊन लागलेल्याला घाम असू शकतो.

अशा वेळी एकाने ताबडतोब 108 ला फोन करावा. बाकीच्यांनी गाडीची वाट पाहत बसू नये. माणसाला सावलीत आणून पंपाचं, विहिरीचं, माठाचं, जे असेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहा आणि टॉवेलने वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत, मानेला आणि जांघेत ठेवा. जवळ गुरांचा हौद असेल तर त्यात गळ्यापर्यंत बसवा. मात्र दोघांनी धरून डोकं पाण्याबाहेर ठेवावं. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर माणूस वाचण्याची शक्यता फार वाढते. वाटेत गाडीतही ओलं कापड आणि वारा चालू ठेवा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते छातीत जातं. त्याला कुशीवर निजवा. तापाची गोळी देऊ नका, हा ताप गोळीने उतरत नाही. कांदा खाण्यात नुकसान नाही, पण खिशातला किंवा नाकाला लावलेला कांदा उष्माघात थांबवत नाही, आणि त्यात वेळ मात्र जातो.

थोडक्यात लक्षात ठेवा :

1. अकरा ते पाच वावरात अंगमेहनत नको.
2. दर वीस मिनिटांनी पाणी.
3. नव्या माणसाला काम हळूहळू वाढवा.
4. उन्हात एकट्याने काम करू नका. सोबत्याच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा.
5. बोलणं बिघडलं की 108 ला फोन, आणि त्याच क्षणी अंगावर पाणी.

हा कागद गोठ्यात किंवा पंपाच्या खोलीत लावून ठेवा आणि घरात वाचता येणाऱ्या मुलांकडून सर्वांना वाचून दाखवा. वखरणी दोन दिवस मागे पडली तर भरून काढता येते. माणूस गेला तर ते घर सावरत नाही.