जखम लपवू नका
(मारेगाव येथील हरिनाम सप्ताहातील कीर्तनातून)

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

मायबाप हो, पैठणचं गोदावरीचं वाळवंट डोळ्यापुढं आणा. भर दुपार. एकनाथ महाराज स्नान करून निघालेले. तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत आहे, पाय पोळताहेत. त्या काळी ज्यांची सावलीही नको म्हणत, त्या घरचं लेकरू. महाराजांनी विचारलं का, तू कोणाचा, इथं कशाला आला? नाही. आधी उचललं, कडेवर घेतलं, मग त्याचं घर गाठलं. क्रम ध्यानात ठेवा. आधी उचलायचं, विचारायचं मागून.

हा दृष्टांत मी पस्तीस वर्षं सांगत आलो. मागच्या उन्हाळ्यात मात्र माझ्या नातवानं मला माझंच कीर्तन शिकवलं, बरं का!

घरच्यांनी ठरवलं, पोरांना पाण्याच्या खेळांच्या मोठ्या बागेत न्यायचं. पहाटे मारेगाव सोडलं, करंजीहून नागपूरचा रस्ता धरला. दारावर तिकिटाचे पैसे ऐकले अन् माझ्या तोंडून गेलं, "एवढ्यात कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या आल्या असत्या! आता कोणी रडलं-पडलं तर याद राखा!"

दुपारी शिदोरी सोडली. नऊ वर्षांचं पोरगं गुडघ्याला टॉवेल गुंडाळून गप बसलेलं. टॉवेल लाल झालेला! घसरगुंडीच्या पायरीवर केव्हाच पडला होता.

"काऊन रे, सांगितलं नाही?"

"आबाजी, तुम्ही म्हटलं असतं, पैसे वाया गेले."

मंडळी, जखम नखाएवढी होती. आमच्या घरच्यांनी हळदीची पुडी काढली. सूनबाई म्हणाली, "मामाजी, हळद नको, चहापत्तीही नको. आधी स्वच्छ पाण्यानं धुवू, स्वच्छ कापडानं दाबून धरू." तसंच केलं. रक्त थांबलं. परतताना डॉक्टरांना दाखवलं, धनुर्वाताच्या सुईचं विचारून घेतलं. आठ दिवसांत गुडघा बरा झाला. माझ्या मनातली ठसठस अजून गेली नाही. नाथांचं लेकरू वाळूत मोकळेपणानं रडलं तरी. माझ्या नातवाला माझ्याच भीतीनं रडताही आलं नाही!

आता सिद्धांत ऐका. गुडघ्याची जखम टॉवेलनं झाकते. कर्जाची, अपमानाची, नापिकीची जखम कशानं झाकते? हसण्यानं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं हे फार सोसलं आहे. घरचा कर्ता माणूस रात्री जेवून उठतो, कोणाला काही बोलत नाही, अन् सकाळी घर उघडं पडतं. मग आपण म्हणतो, सांगितलं काऊन नाही? अरे, सांगायला जागा ठेवली होती का आपण? तो बोलला असता तर आपण आधी हिशेबच मागितला असता ना!

पंढरीचा राणा पाहा. कमरेवर हात ठेवून उभा आहे, कोणाकडे बोट दाखवत नाही. म्हणून तर त्याच्यापुढं माणूस मोकळा रडतो. घरातही तशी एक जागा करा. आज घरी गेल्यावर लेकराला, भावाला, धन्याला जवळ बसवा अन् एवढंच म्हणा, "काही दुखत असेल तर सांग, मी रागावणार नाही." आणि मायबाप हो, त्यानं सांगितलं, तर खरंच रागावू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!