पत्र वाचा, घाबरू नका आणि फाडूही नका



तुमच्यापैकी बरेच जण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला निघाले आहेत. व्हिसा, घरभाडे, हलाल मटण कुठे मिळते, हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी एका साध्या विषयावर बोलणार आहे. तो म्हणजे खाजगी पार्किंग कंपनीकडून येणारे पत्र. मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही वर्षे तिकडे नोकरी केली, जुनी गाडी चालवली, त्यामुळे ही पत्रे जवळून पाहिली आहेत. मी सांगतो ते इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे, स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

तिथे सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये बहुधा पावती फाडणारा माणूस नसतो. कॅमेरा आत येताना आणि बाहेर पडताना नंबरप्लेट टिपतो. वेळ जास्त झाली की कंपनी सरकारी वाहन नोंदणी खात्याकडून गाडीधारकाचा पत्ता मिळवते आणि पत्र पाठवते. १०० पौंड द्या, १४ दिवसांत भरलेत तर ६०, असा साधारण मजकूर असतो.

या पत्राचे नाव ‘पार्किंग चार्ज नोटीस’. स्थानिक कौन्सिलच्या दंडाचे नाव ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. दोन्हींना लोक ‘पीसीएन’च म्हणतात, आणि गोंधळ तिथेच होतो. कौन्सिलचा दंड कायद्याने बसवलेला असतो. खाजगी कंपनीचे पत्र हा दंड नसून करारातला दावा असतो. तुम्ही फलकावरच्या अटींवर गाडी लावलीत, अट मोडलीत, आता ठरलेली रक्कम द्या, एवढेच तिचे म्हणणे असते. हा गुन्हा नाही. वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रे आली, तरी त्या एजन्सीला घरात शिरून सामान उचलण्याचा अधिकार नसतो.

आपल्या मुलांच्या यावर दोन प्रतिक्रिया असतात. एक, ‘परक्या देशात लफडे नको, भरून टाक.’ दुसरी, आधीपासून तिथे राहणाऱ्या एखाद्या भाईजानची: ‘हे कोर्टात टिकत नाही, फाडून टाक.’ दोन्ही चूक. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तास मोफत पार्किंग होते. बॅरी बीव्हिस यांची गाडी ५६ मिनिटे जास्त राहिली आणि त्यांना ८५ पौंडांची नोटीस आली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. २०१५ मध्ये न्यायालयाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फलक मोठे आणि स्पष्ट होते, जागा मोकळी होत राहावी हा हेतू वाजवी होता आणि रक्कम अवाजवी नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

मग करायचे काय? पहिले, तारखा पाहा. २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्यानुसार, काचेवर नोटीस न लावता केवळ कॅमेऱ्यावरून दावा केला असेल, तर पार्किंगनंतर १४ दिवसांच्या आत गाडीधारकाला पत्र पोचले पाहिजे. उशीर झाला तर कंपनी चालकाकडे पैसे मागू शकते, पण केवळ गाडी तुमच्या नावावर आहे म्हणून तुमच्याकडे नाही.

दुसरे, पुरावा गोळा करा. कॅमेराही चुकतो. माझी गाडी एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी एका दुकानात गेली होती. मधले जाणे आणि येणे कॅमेऱ्याने टिपलेच नाही आणि दोन छोट्या भेटींची एक दहा तासांची भेट झाली. आमच्या भाषेत सांगायचे तर दोन नोंदी गहाळ, म्हणून उत्तर चूक. दोन पावत्या आणि दुपारी ऑफिसच्या आवारात गाडी लागल्याची नोंद पाठवली. नोटीस रद्द झाली. म्हणून पावत्या ठेवा, फलकाचे फोटो काढा.

तिसरे, लेखी अपील करा. आधी कंपनीकडे, २८ दिवसांत. तिने फेटाळले तर स्वतंत्र यंत्रणेकडे. कंपनी कोणत्या संघटनेची सदस्य आहे त्यावर ती यंत्रणा ठरते. ‘पॉप्ला’ ही त्यांतली एक, आणि तिथे फी लागत नाही. तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. हरलात तर मात्र सवलतीची रक्कम गेलेली असू शकते, हे धरून चाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. खाजगी कंपनीला चालकाचे नाव सांगण्याचे कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही. न सांगणे हा तुमचा हक्क आहे. पण ‘मी तिथे नव्हतोच’ असे खोटे लिहिणे हा हक्क नाही. जुम्याच्या नमाजसाठी ‘फक्त ग्राहकांसाठी’ असा फलक असलेल्या जागेत गाडी लावली आणि नोटीस आली, तर कंपनी आपल्यावर राग काढते आहे असे म्हणू नका. फलक स्पष्ट असेल, तारखा बरोबर असतील, तर सवलतीत पैसे भरा आणि पुढच्या जुम्याला बसने जा. अन्यायाविरुद्ध लढायचे असेल, तर आपली बाजू आधी स्वच्छ हवी.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. भाड्याची खोली बदललीत की गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता त्याच आठवड्यात बदला. खरा धोका नोटिशीत नसतो, न मिळालेल्या कोर्टाच्या कागदात असतो. काउंटी कोर्टाचा दावा जुन्या पत्त्यावर जातो, उत्तर जात नाही, एकतर्फी निकाल लागतो. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली नाही, तर तो निकाल सहा वर्षे नोंदवहीत राहतो. मग घर भाड्याने घेताना, कर्ज काढताना अडचण येते. म्हणून कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी मुदत पाहा. दावा मिळाल्याचे १४ दिवसांत कळवले, तर बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेत मोफत सल्ला मिळतो. तिथे जायला लाजू नका.

परक्या देशात आपण पाहुणे आहोत, म्हणून गप्प बसावे, असे आपल्याला घरून शिकवून पाठवतात. पण कायदा तिथे राहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. त्याने घातलेली अट पाळायची, त्याने दिलेला हक्क मागायचा आणि दोन्हींसाठी आधी पत्र शेवटपर्यंत वाचायचे.